ट्रॉलीची दांडी, समुद्रातली पवनचक्की आणि माझी पीएचडी

कपाशी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्या भागातलं मोठं पाणी म्हणजे बेंबळा धरण. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चेन्नईला, बाविसाव्या वर्षी, पीएचडीच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "लाटांवर काम करायचं म्हणता, पोहता येतं का?" मी म्हटलं, विहिरीत येतं. हसले, पण घेतलं.

विषय असा: समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्कीच्या खांबावर लाटांचा पडणारा भार, आणि त्यातून पोलादाला येणारा फटिग, म्हणजे थकवा. गावात हे सांगायचे माझे सगळे प्रयत्न वाया गेलेत. मोठ्या मायला वाटतं मी जहाजावर राहते. बाबा विचारणाऱ्याला "इंजिनिअरिंगचंच पुढचं हाये" म्हणून वाटेला लावतात.

मंगळवारी ट्रॉलीची दांडी मोडली आणि माझं काम सोपं झालं.

बाबा मुरूम भरून पांदणीने येत होते. एका खड्ड्यात ट्रॅक्टर पुढे निघून गेला, ट्रॉली नाक मातीत खुपसून मागेच बसली. संध्याकाळी दांडी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. बाबांचं एकच चाललं होतं, "मागल्या साली तर जाड पट्टी मारली होती यावर. अन् पट्टी जिथं संपते तिथंच मोडली. नशीबच फुटकं."

वेल्डिंगवाले काका म्हणाले, "नशीब नाही जी भाऊ, अन् हे आजचंबी नाही. आज फक्त आवाज आला."

त्यांनी तुटलेलं तोंड कपड्याने पुसून उजेडात धरलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट-तांबूस आणि गुळगुळीत. उरलेला दाणेदार, चकचकीत, आत्ताच फाटल्यासारखा. गुळगुळीत भागावर बारीक कमानी, एकीमागे एक, उन्हाळ्यात गावतलाव आटताना काठच्या गाळावर रेघा उमटतात तशा. सगळ्या कमानी एकाच ठिकाणाभोवती फिरत होत्या: पट्टीच्या टाक्याची, म्हणजे वेल्डची, कड. इंग्रजी पुस्तकांत या रेघांना समुद्रकिनाऱ्यावरच्या खुणा म्हणतात. मला तलावच पटला.

अशी चित्रं मी शंभरदा पाहिली असतील, हातात पहिल्यांदा धरली. बाबांना तिथेच दाखवलं: चीर या टोकाला सुरू झाली, कदाचित पट्टी मारल्यापासून. प्रत्येक खड्ड्याने ती केसभर उघडली. उरलेलं लोखंड भार पेलेनासं झालं त्या दिवशी मोडली. शेवटच्या खड्ड्याचा तसा काही गुन्हा नाही.

"मंग तू तिकडं हेच करून राह्यली?"

"हो बाबा. फक्त खड्डे समुद्रातले."

आता आकडे. खांबाला मोनोपाइल म्हणतात. जाड पोलादी पत्रे गोल वळवून, रिंगा एकीवर एक वेल्ड करून केलेली नळी. मी १५ मेगावॅटच्या संदर्भ टर्बाइनवर काम करते. ती कुठे उभी नाही, जगभरच्या संशोधकांना एकाच मापावर बोलता यावं म्हणून प्रसिद्ध केलेला आराखडा आहे. नळीचा व्यास १० मीटर, पाणी ३० मीटर खोल, पात्यांचं वर्तुळ २४० मीटर व्यासाचं आणि त्याचा मध्य पाण्यापासून १५० मीटर उंच. आमच्या वावरातली विहीर त्या नळीत सहज उतरेल. दर ८ सेकंदांनी एक लाट धरा. २५ वर्षांत साधारण ९ कोटी ८५ लाख लाटा होतात. यातल्या मोजक्याच वादळातल्या. बाकीच्या सगळ्या फोटोसुद्धा काढू नये अशा.

आणि खांबाला म्हातारा करण्यात या फोटो न काढण्यासारख्या लाटांचा वाटा मोठा असतो. माझा प्रबंध एवढ्या एका वाक्याभोवती फिरतो. विचारा काय विचारायचं ते.

---

तुरीची_दाळ | रविवार, सकाळी ७:१०

मस्त धागा. कुंपणाची तार पक्कड नसली की खाली-वर, खाली-वर करून मोडतो, तेच न हे?

---

कपाशी | रविवार, सकाळी ८:३३

भावंडं आहेत, पण एक नव्हेत. तार आपण इतकी वाकवतो की ती वाकलेलीच राहते, म्हणून दहा-पंधरा वेळांत तुटते. दांडी किंवा खांब दर वेळी पूर्ववत सरळ होतो. डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून तर घात होतो.

आणि ताण दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही. वेल्ड केलेल्या जोडाला साधारण ताणाच्या घनाच्या हिशेबाने होतं, म्हणजे आठपट. बाबा ट्रॉलीत वरून चार टोपली "बसते न" म्हणून टाकतात, त्यांचं नुकसान चार टोपल्यांपुरतं नसतं.

---

निवृत्त_जॅकेट | रविवार, सकाळी १०:०५

कपाशीताई, मूळचा मी अकोल्याचा, नोकरी बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मांवर केली, आता नागपुरात नातवंडं सांभाळतो. तुमच्या तलावाच्या रेघा वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे खांब एक नसे. जॅकेट म्हणजे नळ्यांचा चौपायी सांगाडा, आणि जिथे नळ्या एकमेकींना भेटतात ते सांधे हीच आमची डोकेदुखी. पाणबुडे खाली जाऊन आधी शिंपले-शेवाळ खरवडून काढायचे, मग चुंबकीय पावडर टाकून चीर शोधायचे. त्या शिंपल्यांचंही सांगून ठेवतो. ते चिकटून नळी जाड होते आणि लाटेला धरायला जास्त अंग मिळतं. कागदावरचा व्यास आणि पाण्यातला व्यास दहा वर्षांनी एक राहत नाही.

तरुण मंडळींना एक घटना ठाऊक असावी. २७ मार्च १९८०, उत्तर समुद्रातला नॉर्वेचा अलेक्झांडर कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म. वादळी संध्याकाळ होती, पण कुणी ऐकलं नसेल असं वादळ नव्हतं. एक तिरपी नळी तुटली, मग शेजारच्या तुटल्या, पाचातला एक पाय सुटला आणि सगळं उलटलं. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत चीर सापडली ती कुठे? पाण्याखालचा आवाज टिपणारं एक छोटं यंत्र बसवायला त्या नळीला आधार जोडला होता, त्याच्या ६ मिलिमीटरच्या टाक्यात. त्या टाक्याला सांगाड्याचा भाग कुणी मानलंच नव्हतं. त्याच्यावर भार घेण्याची जबाबदारीच नव्हती.

तुमच्या बाबांच्या पट्टीची जात हीच.

---

खारपाणी | रविवार, दुपारी १२:४०

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. आमच्याकडे बोअरचे लोखंडी पाइप बाहेर काढले की चाळणी झालेली असते. मग समुद्रात २५ वर्षं काय खाक टिकणार?

---

कपाशी | रविवार, दुपारी १:१५

खारपाणी, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. कोरड्या हवेत पोलादाला एक माया असते. ताण फारच कमी असेल तर तो कितीही वेळा आला तरी हिशेबात धरायचं काम नाही. खाऱ्या पाण्यात उघडं गंजू दिलं की ती माया जाते आणि बारीकसारीक लाटसुद्धा खात्यावर चढते. म्हणून रंगाचे थर, आणि पाण्याखाली ॲल्युमिनियमचे बळीचे ठोकळे: ते गंजतात, खांब वाचतो.

निवृत्त_जॅकेट काका, दंडवत. कीलँडवर आमच्या वर्गात एक तास झाला होता, पण "टाक्यावर भार घेण्याची जबाबदारीच नव्हती" हे तिथे कुणी म्हटलं नव्हतं.

तुमच्या नळ्या बारीक, माझी १० मीटरची, त्यामुळे लाट दोघींशी वेगळी वागते. १९५० मध्ये मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी लाटेच्या जोराचे दोन भाग केले: एक पाण्याच्या वेगाचा, एक पाण्याच्या त्वरणाचा. बारीक नळीला मोठ्या लाटेत वेगाचा भाग भारी पडतो. जाड नळीला त्वरणाचा, आणि तो व्यासाच्या वर्गाने वाढतो. यातून एक गंमत निघते. लाटेचा माथा खांबाशी येतो तेव्हा जोर सर्वांत जास्त असेल असं कुणालाही वाटेल. माझ्या खांबावर तो पाव लाट आधीच येऊन गेलेला असतो, पाणी वर चढत असताना. माथा येईपर्यंत त्वरणाचा धक्का शून्यावर आलेला असतो. हे कळलं त्या दिवशी मी मरीना बीचवर जाऊन तासभर लाटा पाहिल्या. दिसलं काहीच नाही. भाजलेलं कणीस खाऊन परत आले.

---

पोलादी_पुणेकर | रविवार, दुपारी ३:२२

एवढा ऊहापोह कशासाठी कळत नाही. जास्त ताकदीचं पोलाद वापरा, प्रश्न संपला. आजकाल दुप्पट ताकदीची पोलादं सहज मिळतात.

---

कपाशी | रविवार, दुपारी ४:०१

प्रश्न तिथे सुरू होतो. साध्या गुळगुळीत सळईला दुप्पट ताकदीच्या पोलादाचा फायदा मिळतो. वेल्ड केलेल्या जोडाला थकव्यात जवळपास काहीच मिळत नाही, कारण टाक्याच्या कडेला सूक्ष्म खाचा जन्मतःच असतात. चिरेला जन्म घ्यायचा नसतो, फक्त वाढायचं असतं. म्हणून थकव्याच्या मानकांत वेल्डचे तक्ते जोडाच्या आकारावरून लावलेत, पोलाद कोणत्या ताकदीचं ते विचारत नाहीत.

जाड पट्टीचंही तसंच. पट्टीने मधला भाग आखडला आणि वाकणं सगळं तिच्या कडेला जाऊन साचलं.

---

निवृत्त_जॅकेट | रविवार, दुपारी ४:१९

+१. पुणेकर, रागावू नका. आम्ही पण तरुणपणी साहेबांना हेच सुचवलं होतं.

---

मास्तर_४२ | रविवार, संध्याकाळी ६:४८

गणिताचा शिक्षक आहे म्हणून विचारतो. ९ कोटी ८५ लाख लाटा म्हणता, पण लाटा एकसारख्या कुठे असतात? लहानीवर मोठी स्वार, मोठीच्या पोटात लहान. त्यातली एक लाट कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे ठरवता कसं?

---

कपाशी | रविवार, रात्री ९:३०

मास्तर, याच प्रश्नात माझे पहिले आठ महिने गेले.

खांबाच्या एका टाक्यावरचा ताण काळानुसार काढला की वेडावाकडा आलेख मिळतो. आता तो कागद उभा फिरवा, काळ वरून खाली वाहू द्या. वाकणं एकाखाली एक येतात आणि कवेलूचं छप्पर बाजूने पाहिल्यासारखं दिसतं. त्यावर पाऊस पडतोय समजा. प्रत्येक टोकापासून एक धार निघते, उतारावरून वाहते, कडेवरून खालच्या उतारावर पडते. कुठे थांबायचं याचे दोन-तीन नियम आहेत. वरून दुसरी धार येऊन मिळाली की थांब, समोर आपल्याहून लांब टोक आलं की थांब. प्रत्येक धार किती लांब वाहिली ते मोजलं की एकेका चक्राची उंची मिळते. मोठ्या चक्राच्या पोटातलं लहान चक्र वेगळं निघतं आणि मोठं अखंड राहतं.

ही युक्ती १९६८ ची, मात्सुइशी आणि एंडो या जपानी संशोधकांची. त्यांच्यासमोर पॅगोडाची छपरं होती. माझ्यासमोर मोठ्या मायचं घर होतं, मृगाच्या पहिल्या पावसात मांडीवर ताट धरून बसायचं ते. कोणत्या कवेलूतून धार कुठे पडते आणि कोपर कुठे ठेवायचा हे मला चौथीपासून पाठ होतं. मार्गदर्शक सरांनी फळ्यावर पॅगोडा काढला तेव्हा मी म्हणाले, सर, हे तर आमचं घर आहे.

पुढचा हिशेब पामग्रेन आणि माइनर यांचा, १९२४ आणि १९४५ चा. एवढ्या ताणाला जोड किती चक्रं टिकतो ते प्रयोगांनी माहीत असतं. झालेली चक्रं भागिले टिकणारी चक्रं, असे सगळे अपूर्णांक मिळवत जायचे. बेरीज १ झाली की खातं भरलं. मोठा ताण आधी आला का नंतर, याची ही बेरीज दखलच घेत नाही, चिरेला मात्र फरक पडतो. तरी ऐंशी वर्षं सगळे हीच वापरतात. प्रबंधातला एक अख्खा भाग मी या बेरजेशी भांडण्यात घातलाय.

---

भर_उन्हात | सोमवार, सकाळी ६:०२

ताई, लेख झकास हाये, पण मले एक सांगा. आमच्याकडं रात्री बारा वाजता लाईन येते. मी आत्ताच ओलित करून आलो, हा प्रतिसाद अंथरुणावरून लिहून राह्यलो. परवा बॅटरी विझली अन् पाय सापावरच पडला असता. अन् तुमी समुद्रात पंखे गाडून राह्यले. आमाले त्याचं काय?

---

पोलादी_पुणेकर | सोमवार, सकाळी ९:१५

धागा भरकटवू नका. इथे तांत्रिक चर्चा चालू आहे.

---

कपाशी | सोमवार, सकाळी ९:४०

पुणेकर, भरकटलेला नाही. बाबांची मोटारही रात्रीच चालते, भर_उन्हात दादांचा प्रश्न आमच्या घरातलाच आहे.

दादा, खोटं सांगत नाही. जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी १,००० मेगावॅटसाठी, निम्मी गुजरातच्या किनाऱ्यावर, निम्मी तमिळनाडूच्या. बाकी ६०० कोटी दोन बंदरं नीट करायला. समुद्रावरचा वारा सूर्यासारखा सहाला घरी जात नाही, ही त्या विजेची जमेची बाजू. पण तुमच्या फीडरचं वेळापत्रक कोणता वारा कुठे वाहतो यावर ठरत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझ्या प्रबंधाने तुमची लाईन दिवसा होणार नाही.

पण लाईनवरून एक सांगते, हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. लाईन गेली तर त्या पवनचक्कीचंही वाईट होतं.

पाती फिरत असतात तेव्हा वारा खांबाला ब्रेक लावत असतो. खांब वाऱ्याकडे झुकला की पात्यांना वारा जास्त लागतो आणि ती त्याला मागे रेटतात. मागे गेला की जोर कमी होतो. त्यामुळे लाटेने दिलेला झोका चटकन जिरतो. ग्रिड बंद पडली किंवा दुरुस्तीसाठी पाती थांबवली की हा ब्रेक गेला. मग तोच समुद्र, त्याच लाटा, पण खांब कितीतरी वेळ डोलत राहतो. म्हणजे वीज करत नसलेल्या तासात त्याची झीज जास्त. लाटा वाऱ्याच्या आडव्या दिशेने आल्या तरी तीच गत, त्या बाजूला ब्रेक फारसा नसतोच.

---

भर_उन्हात | सोमवार, सकाळी ९:५८

म्हणजे लाईन गेली की तेबी आमच्यावाणीच हैराण. हे समजलं बाप्पा.

---

खारपाणी | सोमवार, सकाळी १०:३०

पण मग पवनचक्की मोठी मोठी काऊन करून राह्यले? लहान बरी नाही का?

---

कपाशी | सोमवार, सकाळी ११:१२

पैशासाठी. समुद्रात एक खांब गाडायचा खर्च अफाट, मग एकाच खांबावर जास्तीत जास्त वीज काढायची. डेन्मार्कच्या विंडेबीला १९९१ मध्ये समुद्रातला पवनचक्क्यांचा पहिला ताफा लागला, त्यातल्या ११ पवनचक्क्या प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या होत्या. माझी एक त्यातल्या तेहेतीसच्या बरोबर.

पण मोठी झाली की ती हळू डोलते. मागच्या पिढीच्या ५ मेगावॅटच्या टर्बाइनचा एक झोका साडेतीन-चार सेकंदांचा. माझीचा सुमारे ६ सेकंदांचा. आणि ६ सेकंदांच्या लाटा म्हणजे समुद्राचा रोजचा भाजीभाकरीचा कारभार. दोघांचा ताल जुळला की डोलणं वाढत जातं. डोक्यावर भरलेलं गुंड घेऊन चालताना पाणी हिंदकळायला लागलं की बाई पाऊल बदलते. पात्यांची गती बदलता येते, लाटेची कशी बदलणार?

त्यात खालची जमीन. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात विजेचा खांब कसा सैल होतो पाहिलंय ना? खांबाभोवतीची वाळू प्रवाहाने उकरली गेली की मोनोपाइलही सैलावतो, झोका आणखी लांबतो आणि लाटांच्या आणखी तावडीत जातो.

---

माहेर_आर्वी | सोमवार, दुपारी २:२०

ताई, माझी मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला हा धागा वाचायला दिला, तेव्हापासून डोक्यात हेच. खर्च किती येतो? आणि मुलीच्या जातीला समुद्रात जावं लागतं का?

---

कपाशी | सोमवार, दुपारी ३:०५

वहिनी, गेट ही पुढच्या शिक्षणाची परीक्षा चांगली निघाली तर खर्च नाही, उलट पैसे मिळतात. सध्या कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० रुपये. मिळतात म्हणजे कागदावर दरमहा. माझी एकदा पाच महिने अडकली होती आणि मेसचे पैसे बाबांनी तूर विकून पाठवले. हातात थोडी शिल्लक असू द्या.

समुद्रात मी चार वर्षांत दोनदाच गेले, दोन्ही वेळा उलट्या. माझं नव्वद टक्के काम संगणकावर, बाकी लाटांच्या हौदात छोट्या प्रतिकृतीवर. ओपनफास्ट हे टर्बाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मुलीला आत्ताच उतरवून घ्यायला सांगा. पहिले दोन महिने रडू येईल.

---

तुरीची_दाळ | सोमवार, रात्री ८:४४

अवांतर: दांडीचं काय झालं शेवटी?

---

कपाशी | पुढचा शुक्रवार, रात्री १०:१७

उशीर झाला, सोयाबीनच्या गडबडीत होते.

वेल्डिंगवाल्या काकांनी जुनी पट्टी पूर्ण काढली. चिरेच्या टोकाच्याही पुढपर्यंत घासून लोखंड साफ केलं, मग भरलं. नवी पट्टी लावली ती दोन्ही टोकांना माशाच्या शेपटीसारखी कापून, म्हणजे एकदम संपत नाही, निमुळती होत जाते. टोकावर आडवा टाका मारला नाही. आणि कडा ग्राइंडरने बोट फिरवलं तर अडकणार नाही इतक्या गुळगुळीत केल्या. मी काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं, कुठे शिकलात? म्हणाले, "मोडलेल्या ट्रॉल्या पाहून." निवृत्त_जॅकेट काका, फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

मुरूम अजून निम्मा आणायचा राहिलाय. बाबांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने खेपांच्या रेघा मारायला सुरुवात केली आहे, चार उभ्या आणि एक आडवी. मी म्हटलं, बाबा, खेपा मोजून उपयोग नाही, खड्डे मोजावे लागतात, आणि प्रत्येक किती खोल ते.

"खेपा मी मोजतो. खड्डे तू मोज, तुले तेवढ्याचेच तर पैसे भेटते."

आज संध्याकाळपर्यंत २३.